माणगावची कोंडी आणि टेबलावरचा संगणक

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून कोकणात निघालेली गाडी पंधरा वर्षांची खटारा असो की कालच शोरूममधून काढलेली, माणगावच्या बाजारपेठेत ती एकाच वेगाने चालते. वडखळ, कोलाड, इंदापूर मागे टाकून आलेला मुंबई-गोवा महामार्ग इथे गावाच्या मधोमध शिरतो. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे वळणाऱ्या गाड्या, निजामपूरमार्गे ताम्हिणी घाटातून उतरलेले पुणेकर, एसटी, रिक्षा आणि बाजाराला आलेली माणसे सगळी तिथेच एकमेकांना भिडतात. गाडीचे इंजिन किती ताकदीचे आहे याला त्या अर्ध्या तासात काडीचीही किंमत नसते. या कोंडीत अडकलेला कोणीही शहाणा माणूस ‘आता नवी गाडी घ्यायला हवी’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘बायपास कधी होणार?’ रस्त्याच्या बाबतीत एवढे साधे असलेले हे शहाणपण टेबलावरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हमखास विसरतो. बटण दाबल्यावर चहा होईपर्यंत पडदा उजळत नाही, एक फाइल उघडायला मिनिट लागते, तेव्हा आपण थेट यंत्रालाच म्हातारे ठरवतो आणि नव्याच्या किमती विचारू लागतो.

तालुक्याच्या गावात डेस्कटॉप अजून भरपूर आहेत. झेरॉक्स सेंटर, पतसंस्था, शाळेची संगणक खोली, ग्रामपंचायत, वकिलांचे टेबल, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने या सगळ्या ठिकाणी 2010 ते 2017 च्या दरम्यान घेतलेली यंत्रे रोज सुरू होतात आणि रोज शिव्या खातात. दुरुस्तीला नेली की दोनच सल्ले मिळतात. पहिला, ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.’ दुसरा, ‘आता याच्यात काही राम नाही, नवीनच घ्या.’ पहिल्या उपायाने महिना-दोन महिने बरे वाटते, मग पुन्हा जैसे थे. दुसरा उपाय खिशाला परवडत नाही म्हणून लांबणीवर पडतो. माझे म्हणणे असे की हे दोन्ही सल्ले रोगाचे निदान न करताच दिलेले आहेत. संगणक अख्खा म्हातारा होत नाही. त्यातला एक भाग मुळातच मंद असतो आणि त्यावर चालणारी मुख्य आज्ञावली दरवर्षी जड होत जाते. हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पहिल्याचे औषध एसएसडी, दुसऱ्याचे लिनक्स. दोन्ही वेळेवर आणि योग्य क्रमाने दिली, तर भंगारात निघालेला डेस्कटॉप आणखी पाच वर्षे नेटाने काम करू शकतो.

आधी मंद भागाकडे पाहू. संगणकातला प्रोसेसर, मेमरी, पडदा या सगळ्यांत विजेचे संकेत धावतात. हार्ड डिस्कमध्ये मात्र खरोखरची चकती फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी सरकते. डेस्कटॉपमधली नेहमीची चकती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्याआधी दांडी योग्य जागी सरकवायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण हिशेब बारा-साडेबारा मिलिसेकंदांचा. ऐकायला हे नगण्य वाटते, पण याचा अर्थ असा की डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम ऐंशीच वाचता येतात. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान फाइली उघडाव्या लागतात. तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एका नोंदीची वाट पाहताना पावणेचार कोटी ठोके रिकामा बसतो. दप्तरखान्यात एकच शिपाई आहे आणि साहेबाला प्रत्येक कागदासाठी त्याला आत पाठवावे लागते, असा हा प्रकार आहे. साहेब कितीही हुशार असला तरी काम शिपायाच्या चालीनेच होणार.

एसएसडीत चकतीही नाही आणि दांडीही नाही. पेन ड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची, पण बरीच सरस फ्लॅश मेमरी तिच्यात असते. ही मेमरी तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात विकसित केली. एसएसडीमध्ये कुठलीही नोंद साधारण 0.1 मिलिसेकंदात सापडते, म्हणजे एकापाठोपाठ एक मागितल्या तरी सेकंदाला दहा हजारांच्या घरात. मोठी सलग फाइल वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट देते आणि एसएसडी पाचशेच्या आसपास. हा फरक चार-पाच पटींचा, पण लहान विखुरलेल्या नोंदींतला फरक शंभर पटींचा आहे आणि रोजच्या वापरात जाणवतो तो हाच. त्यामुळे ‘माझ्या जुन्या मदरबोर्डवर डिस्क जोडण्याच्या सॅटा जोडणीची दुसरी पिढी आहे, मग नवी ड्राइव्ह घेऊन काय उपयोग?’ ही शंका फोल ठरते. दुसऱ्या पिढीच्या सॅटावर सलग वेग तीनशे मेगाबाइटपाशी अडतो हे खरे, पण नोंद शोधण्याचा वेळ तेवढाच कमी राहतो. बायपासवर वेगमर्यादा असली तरी कोंडी टळतेच.

हे निदान स्वतः पडताळून पाहता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा. यंत्र रडत असताना प्रोसेसरचा आकडा दहा-वीस टक्क्यांवर आणि डिस्कचा आकडा शंभरवर टेकलेला दिसला, तर कोंडी कुठे आहे हे वेगळे सांगायला नको. मेमरीचा आकडा नव्वदच्या वर असेल तर दुखणे दुहेरी आहे. मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कचाच तात्पुरती मेमरी म्हणून वापर करतो आणि आधीच दमलेल्या शिपायाच्या डोक्यावर आणखी एक गाठोडे चढते. अशा वेळी एसएसडीबरोबर रॅमही वाढवावी. 2010 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये डीडीआर-3 जातीची रॅम असते आणि ती वापरलेली सहज मिळते. आणखी एक गोष्ट तपासायची ती डिस्कची तब्येत. प्रत्येक डिस्क आपल्या खराब झालेल्या जागांची नोंद स्वतःच ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. खराब जागा वाढत असतील, डिस्कमधून कटकट आवाज येत असेल, तर ते नुसते मंदपणाचे लक्षण नाही. आधी कागदपत्रे आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, बाकीचे नंतर.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम फोडणी देण्याइतकेच कौशल्याचे आहे, पण ते भीतीपोटी अडते. ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात त्या पेटीची वायर काढायची, मागचे दोन स्क्रू सोडवायचे आणि बाजूचे झाकण मागे सरकवायचे. कोकणातल्या यंत्रात आत काय दिसेल याची तयारी ठेवा. पंख्यावर धुळीचा नमदा झालेला असतो आणि एखादे पालीचे अंडे किंवा मुंग्यांचे वारूळही सापडते. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ते साफ करायचे. पावसाळी दमटपणामुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटे चढतात आणि यंत्र मधूनच सुरू व्हायला नकार देते. तिथे शाळकरी खोडरबर हळूच फिरवला तरी पुष्कळदा काम होते. हार्ड डिस्कला दोन वायरी असतात, एक रुंद विजेची आणि एक अरुंद माहितीची. दोन्हींच्या टोकाला इंग्रजी एल आकाराची खाच असते, त्यामुळे त्या उलट्या बसतच नाहीत. त्याच दोन वायरी अडीच इंची एसएसडीला लावायच्या. ती सात मिलिमीटर जाड, वजनाला हलकी आणि आत काहीच न फिरणारी असल्याने बसवायची पट्टी नसेल तर दुहेरी चिकटपट्टीने पेटीच्या भिंतीला लावली तरी चालते. झाकण लावण्याआधी मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल बदला. त्याचा क्रमांक सीआर 2032. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते आणि मग बँकेपासून शासनापर्यंत सगळी संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून दार लावून घेतात. अनेक जण याला व्हायरस समजून बसतात.

इथवर आल्यावर पहिला गंभीर आक्षेप येतो. नुसती एसएसडी टाकून विंडोजच ठेवले तर यंत्र पळू लागते, मग लिनक्सचा आग्रह कशाला? आक्षेप रास्त आहे आणि वेगापुरते बोलायचे तर बरोबरही आहे. फरकाचा मोठा वाटा एसएसडीचा असतो, लिनक्सचा नव्हे. लिनक्सच्या उत्साही मंडळींनी हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवे. पण वेग हा एकच प्रश्न नाही. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला आणि विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली सुरक्षा-दुरुस्त्यांची जादा मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. आठवी पिढी बाजारात आली 2017 च्या उत्तरार्धात. म्हणजे ज्या यंत्रांबद्दल आपण बोलतो आहोत ती जवळजवळ सगळीच या दाराबाहेर राहतात. ती उद्या बंद पडणार नाहीत, पण नव्याने सापडलेली भोके बुजवायला कोणी येणार नाही. ज्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रे हाताळली जातात, तिथे हे चालवून घेण्यासारखे नाही. शिवाय ‘विंडोज मारून देतो’ यातले विंडोज बहुधा चोरीचे असते आणि ते चालू करणारा क्रॅक कोणी बनवला, त्याने आत आणखी काय ठेवले, हे कोणालाच माहीत नसते.

लिनक्सची गोष्ट सुरू झाली 1991 मध्ये. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने स्वतःच्या संगणकासाठी लिहिलेला गाभा जगापुढे ठेवला. त्याआधी 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा करून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारली होती. या दोहोंच्या संगमातून जी कार्यप्रणाली झाली ती कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी, वाटावी अशा परवान्याखाली आहे. हौशी लोकांचे खेळणे म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवर चालतात आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. भारतातही पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 2007 मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती काढली. तेव्हा ‘माणगावात लिनक्स कोण वापरतो?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘मोबाइल असलेला जवळजवळ प्रत्येक जण’ असे आहे.

लिनक्सचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते न बसवता वापरून पाहता येते. लिनक्स मिंट किंवा झुबंटूची फाइल अधिकृत स्थळावरून उतरवायची, एट्चर किंवा व्हेंटॉयसारख्या प्रोग्रॅमने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची आणि यंत्र सुरू होताना एफ-12 किंवा तत्सम कळ दाबून त्या पेन ड्राइव्हवरून बूट करायचे. आतल्या डिस्कला हात न लावता अख्खे लिनक्स समोर उभे राहते. इंटरनेट चालते का, यूएसबीचा वाय-फाय तुकडा ओळखला जातो का, आवाज येतो का, प्रिंटर कागद ओढतो का, हे सगळे तिथेच तपासता येते. नाही जमले तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे. नवे यंत्र विकत घेताना अशी सोय कोणी देत नाही. निवडीच्या जंगलात शिरायची गरज नाही. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर मिंट, त्यातही जुन्या यंत्राला एक्सएफसीई नावाचा हलका अवतार. मिंटची बाविसावी मालिका 2029 पर्यंत सांभाळली जाणार आहे. रॅम दोनच जीबी असेल तर लिनक्स चालेल, पण आजची संकेतस्थळे दोन जीबीत मावत नाहीत. तिथे आधी रॅम वाढवा. कार्यप्रणाली हलकी झाली म्हणून यूट्यूब हलके होत नाही.

मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला. मराठीचे काय? इथे लिनक्सची बाजू लोकांना वाटते त्याहून बळकट आहे. इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांना आयबस नावाच्या टायपिंग-सोयीच्या आधारे ध्वन्यात्मक पद्धतीही मिळतात. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने मोफत दिलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू हे टंकही त्यावर चालतात. एक सोपी परीक्षा सांगतो. माणगाव तालुक्यातल्या लोणेरे गावाचे नाव घ्या आणि ‘लोणेऱ्याला’ असे टाइप करून पाहा. त्यातला ‘ऱ्या’ हा खास मराठीचा, अर्ध्या चंद्रासारख्या रकाराचा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबले की नुक्त्याचा ऱ, मग डीने पाय मोडायचा, मग तिरक्या रेषेच्या कळीने य आणि त्यापुढे काना. हा शब्द पडद्यावर नीट उमटला, लिब्रेऑफिसमधून छापून आला आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर समोरच्यालाही तसाच दिसला, तर मराठीची चिंता मिटली. जुन्या बिगर-युनिकोड टंकांत टाइप केलेल्या मजकुराला ही परीक्षा आजही पास होता येत नाही. टंक नसलेल्या यंत्रावर तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची भेळ.

पण याच ठिकाणी लिनक्सच्या मर्यादाही स्पष्ट होतात आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ज्या छपाईच्या दुकानात वीस वर्षांच्या लग्नपत्रिका पेजमेकर आणि श्रीलिपीत साठवलेल्या आहेत, तिथे विंडोज काढणे म्हणजे धंद्यावर पाणी सोडणे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या पतसंस्थेचे, आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रे जोडलेल्या सेवा केंद्राचे, डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनवर निविदा भरणाऱ्या ठेकेदाराचे तेच. यातली काही कामे लिनक्सवर जुळवून आणता येतात, पण रोजीरोटीचे यंत्र ही जुळवाजुळव करून पाहण्याची जागा नव्हे. प्रिंटरचेही पाहावे लागते. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्स चटकन ओळखते, तर आपल्याकडच्या झेरॉक्स दुकानांचा लाडका कॅनन एलबीपी 2900 लिनक्सवर चालवायला बरीच खटपट लागते. म्हणून सरसकट ‘लिनक्स टाका’ हा सल्ला ‘फॉरमॅट मारा’ इतकाच आळशी ठरेल. दुकानात तीन यंत्रे असतील तर एक विंडोजचे ठेवा, तेही परवान्याचे आणि आधार चालू असलेले. उरलेल्या दोन्हींवर ब्राउझर, पत्रे, तक्ते, पीडीएफ, स्कॅनिंग एवढेच चालत असेल, आणि बहुधा एवढेच चालते, तर ती लिनक्सवर न्या. ऑनलाइन फॉर्म ज्या ब्राउझरमध्ये भरतात ते फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हीकडे सारखेच दिसतात.

शाळांच्या बाबतीत आक्षेप वेगळा असतो. आपल्याकडे 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने घराघरांत संगणक-साक्षरता नेली आणि त्याबरोबर ‘संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस’ हे समीकरणही रुजले. मुलांना लिनक्स शिकवले तर नोकरीत ती मागे पडतील, असे पालकांना वाटते. या शंकेला उत्तर केरळने दिले आहे. तिथल्या सरकारी शाळा गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा त्यावरच होते आणि त्यामुळे तिथली मुले संगणकात कच्ची राहिल्याचे कोणी म्हटलेले नाही. उलट बाजूचे उदाहरणही पाहायला हवे. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, पंधरा हजारांच्या आसपास यंत्रे तिकडे वळवली आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की धडा मिळतो. केरळात शिक्षकांना आधी शिकवले गेले आणि कामाचे स्वरूप लिनक्सला साजेसे होते. म्युनिकमध्ये बाहेरच्या कार्यालयांच्या फाइली आणि शेकडो विशेष प्रोग्रॅम यांची सांगड सतत घालत बसावी लागली आणि राजकीय पाठबळही टिकले नाही. माणगाव परिसरातल्या शाळेची संगणक खोली म्युनिकपेक्षा केरळच्या जवळची आहे. शिकवणाऱ्यांची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून फुकट उपलब्ध आहेत.

‘एसएसडी लवकर मरते’ ही आणखी एक ऐकीव भीती. फ्लॅश मेमरीवर लिहिण्याला मर्यादा आहे हे खरे. 240 जीबीच्या एका प्रचलित ड्राइव्हला 80 टेराबाइट लिखाणाची हमी असते. रोज वीस जीबी लिहिले, आणि कार्यालयीन वापरात एवढे क्वचितच होते, तरी हा आकडा गाठायला अकरा वर्षे जातील. खरी काळजी वेगळी आहे. हार्ड डिस्क जाण्याआधी बहुतेकदा कुरकुरते, एसएसडी मात्र एके सकाळी मुकी होते आणि तिच्यातून माहिती परत काढणे अवघड आणि महाग असते. त्यात आपल्या भागातली वीज. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या दक्षिण भागात कित्येक दिवस अंधार होता हे अजून कोणी विसरलेले नाही, आणि वादळ नसतानाही पावसाळ्यात लाइट जाते-येते ती न सांगता. लिहिणे चालू असताना वीज गेली तर कोणत्याही डिस्कवरची माहिती बिघडू शकते. म्हणून एसएसडीच्या बिलाबरोबर यूपीएसच्या बॅटरीचेही बिल धरा आणि आठवड्याला एकदा महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवायची सवय लावा. काढलेली हार्ड डिस्क निरोगी असेल तर पुढे यूएसबीच्या डबीत घालून याच कामाला येते. खरेदी पक्क्या पावतीवर आणि हमी असलेल्या मालाचीच करा. अविश्वसनीय स्वस्त किमतीला हजारो जीबी देऊ करणाऱ्या ड्राइव्ह बनावट असतात.

प्रत्येक यंत्र वाचवण्याच्या लायकीचे असते असे मात्र नाही. पेंटियम-4 च्या काळातला डबा, 32 बिटांपुरताच प्रोसेसर, ज्यात रॅम वाढवता येत नाही किंवा ज्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आहेत, अशावर पैसे घालू नयेत. डेबियनसारख्या जुन्या यंत्रांना जपणाऱ्या आवृत्तीनेही 2025 मध्ये आलेल्या तेराव्या अंकापासून 32 बिटी यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर थांबवला आहे. विजेचाही हिशेब हवा. ऐंशी वॉटचा डेस्कटॉप दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस चालला तर सोळा युनिट लागतात. वीस वॉटच्या छोट्या नव्या पेटीला त्याच कामासाठी चारच युनिट पुरतात. दिवसभर चालणाऱ्या यंत्रात हा बारा युनिटांचा फरक वर्षानुवर्षे साचत जातो. तरीही नव्या पेटीची किंमत विजेतून वसूल व्हायला बरीच वर्षे जातात आणि दिवसाला दोन तास लागणाऱ्या घरच्या यंत्राला तर हा मुद्दा लागूच होत नाही. दुसऱ्या पारड्यात कचरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी काढलेल्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यात तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या आपल्याकडच्या भंगारवाल्यांचाही वाटा आहे.

शेवटी राहतो तो माणसांचा प्रश्न. ‘लिनक्स अडले तर माणगावात दुरुस्त कोण करणार?’ माझ्या मते सगळ्या आक्षेपांत हाच सर्वांत वजनदार आहे, कारण तंत्राची अडचण वाचून सुटते, पण माणूस नसण्याची सुटत नाही. पण इथे या तालुक्याचे नशीब बरे आहे. माणगावहून महाडकडे निघाले की महामार्गालगत लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, 1989 च्या कायद्याने उभे राहिलेले. संगणकशास्त्र शिकणारी पोरे इथे एसटीच्या अंतरावर आहेत. पावसाळ्याआधी एका रविवारी विद्यार्थ्यांनी एखाद्या शाळेत पेन ड्राइव्ह आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावे, लोकांनी आपापले डबे आणावेत, असे शिबिर भरवायला मोठा निधी लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानांचेही यात नुकसान नाही. दर सहा महिन्यांनी तेच यंत्र फुकटात पुन्हा फॉरमॅट करून देण्यापेक्षा एसएसडी, रॅम, सेल आणि साफसफाई यांचे एकदाच योग्य पैसे घेणे त्यांनाही परवडेल.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी झाकण उघडा. आधी फाइली उतरवून घ्या, मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स दोन-तीन दिवस चालवून पाहा, आपले काम त्यात होते याची खात्री झाली की एसएसडी आणा आणि शेवटी त्यावर ते बसवा. क्रम बदलू नका. काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच कोरीही करू नका आणि कोणाला देऊही नका, निदान दोन महिने कपाटात ठेवा. विसरलेली एक तरी फाइल तिच्यात हमखास सापडते.